बारावा भाग बाहेर गेलाय

पाओचूने आयुष्यात टीव्हीला एकदाही जिंकू दिलं नाही. हे मी छातीठोक सांगते, कारण तिच्या दुकानाला लागून माझं दुकान, मध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की तिकडे ती शिंकली की इकडून मी 'सर्दी झाली का गं' म्हणून विचारावं. माझं बायकांचे केस धुऊन सेट करून द्यायचं दुकान, तिचं भाड्याने पुस्तकं द्यायचं. हुवेई गावच्या जुन्या बाजारात चाळीस वर्षांच्या वर आम्ही दोघी अशा खेटून बसलोय.

मला विचाराल तर मी टीव्हीच्या बाजूची. पुस्तक धरायला हात लागतात आणि माझे दोन्ही हात सकाळपासून कुणाच्या तरी डोक्यावरच्या फेसात. टीव्हीला नुसते डोळे दिले की भागतं.

"आच्याओ, तुला लाज नाही," पाओचू म्हणायची. "भिंतीपलीकडे बारा हजार पुस्तकं आणि तू त्या डबड्यासमोर बसतेस."

"तुझी पुस्तकं गातात का? नाही ना? मग गप बस."

हे आमचं रोजचं. संध्याकाळी आठची मालिका गावातल्या झाडून सगळ्या बायका बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे डोकं धुवायला यायच्या. आमच्याकडे डोकं बसल्या जागीच धुतात, खुर्चीत ताठ बसवून कोरड्या केसांवर फेस चढवत. त्यामुळे गिऱ्हाइकाचं तोंड मोकळं राहतं, आणि हुवेईच्या बाईचं तोंड मोकळं राहिलं की संपलंच. 'काल त्या गुरूने विष घेतलं गं, किती रडले मी,' असं कोणी म्हणायचा अवकाश, की दारात पाओचू हजर. हातात खोडरबर. सकाळी ती परत आलेली पुस्तकं तपासायची आणि लोकांनी समासात लिहिलेलं खोडून काढायची. 'खुनी हाच', 'पुढे वाचू नका, पोरगी मरते', असलं काहीबाही लोक लिहायचे. पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्याचं तोंड ती पुन्हा वर्षभर बघायची नाही.

"पुस्तकात तसं नाही," ती दारातूनच सांगायची. "पुस्तकात गुरू पायऱ्यांवरून घसरून मरतो. सहावा भाग, पान अठ्ठ्याऐंशी."

"पण विष घेताना किती छान दिसला तो!"

"दिसणारच. नट म्हातारा आहे, त्याला पायऱ्यांवरून पाडायची त्यांची छाती झाली नाही. म्हणून विष."

बायका हसायच्या, पण ऐकायच्या. पुढे पुढे तर तिने रीतच पाडली. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, त्याचं कालचं पान उलटं करायचं, मधोमध रेघ मारायची. एका बाजूला 'काल टीव्हीवर', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकात', खाली भाग आणि पान. ते दारावर चिकटवायचं. भाजीची पिशवी घेऊन बायका थांबायच्या, स्कूटरवाले एक पाय खाली टेकून वाचायचे. साखर कारखान्यातले कामगार पाळी सुटली की त्यावरून वाद घालत घरी जायचे. आणि चूक? एक दिवस नाही. पान नंबरासकट सगळं बरोबर.

आता ही पुस्तकं कशी असायची ते सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. हो, रामायणच म्हणते, माझा धाकटा दीर तिकडे भारतात दहा वर्षं होता, त्याच्याकडून उचललेला शब्द आहे. तर, एक जाडी कादंबरी दहा-बारा पातळ भागांत छापायची. म्हणजे एकाने चौथा नेला तरी मागच्याला तिसरा मिळतो, गिऱ्हाईक ताटकळत नाही. दुकानात आली की प्रत्येक भागाला जाड पुठ्ठा लावायचा आणि पाठीला दाभणाने दोरा ओवायचा, कारण शंभर हातांतून जायचं असतं. ही पुस्तकं इतरत्र कुठे विकत मिळायचीच नाहीत. छापणारे फक्त अशा दुकानांपुरत्या प्रती काढायचे, त्या झिजल्या की विषय संपला.

पुठ्ठा पाओचू चिकटवायची आणि दाभण चालवायची तिची धाकटी बहीण आयिंग. बाप लवकर गेला, आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली, आणि या दोघींनी मिळून दुकान काढलं. पाटीच 'जोड बहिणी पुस्तकालय'. आयिंग माझ्याच वयाची. गालाला खळ्या, सतत काहीतरी चघळत असायची. आणि हो, पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांत पहिला नंबर तिचा. पाओचू खोडायची, ती पुन्हा लिहायची.

तेव्हा 'करड्या बगळ्यांचा घाट' नावाची कादंबरी येत होती. तलवारबाजांची. एका गुरूच्या दोन शिष्या, थोरली शुआंग, धाकटी लू. लू एक दिवस गुरूचा ग्रंथ घेऊन पळून जाते, आणि शुआंग नदीच्या घाटावर नाव चालवत तिची वाट बघत बसते. दर दोन महिन्यांनी ताइपेहून टपालाने एकेक भाग यायचा आणि गाव तुटून पडायचं. सगळ्यात आधी त्या दोघी वाचायच्या, एकाच पुस्तकात डोकी घालून. पाओचूचं आधी व्हायचं आणि ती पान उलटायची, की आयिंगचा आरडाओरडा.

अकरा भाग आले आणि तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी त्याची मालिका काढली. लेखकाचं लिहून संपायच्या आधी यांची मालिका संपली! शेवट त्यांनी आपल्या मनाने केला. शुआंग लूला पुलावर ठार मारते. आयिंग दोन दिवस रडली. खरंच सांगते, डोळे सुजवून माझ्याकडे आली होती.

"रडू नकोस," पाओचू म्हणाली. "पुस्तक अजून कुठे संपलंय? बारावा येऊ दे."

"बाराव्यात लू परत येते," आयिंग म्हणाली. "बघच तू."

"काही येत नाही. अशी निघून गेलेली माणसं परत येत नसतात."

"येते! पैज लाव!"

पैज लागली आणि पुढच्या मार्चमध्ये, कारखान्याचं गाळप संपत आलं होतं, सगळ्या गावाला मळीचा वास, त्या दिवशी बारावा भाग आला. मला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्याच दिवशी आयिंगने सांगितलं की ती लग्न करून आर्जेंटिनाला चाललीय. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या लायशी तिचं जमलं होतं, त्याच्या काकाचं तिकडे किराण्याचं दुकान होतं.

पाओचूचा आवाज मी भिंतीतून ऐकला आणि हातातल्या फेसासकट धावले.

"आईला माझ्या गळ्यात बांधून चाललीस!"

"ताई, मी पैसे पाठवीन, मी तिकडे जाऊन..."

"नकोत तुझे पैसे. तिला कूस बदलायला तुझे पैसे येणार आहेत का? जायचं तर जा. पण मग या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. मेलीस तरी कळवू नकोस."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. आयिंग पांढरीफटक पडली. तशीच माझ्या अंगाला घासून बाहेर गेली आणि स्टेशनच्या बाजूला वळली. मला वाटलं, संध्याकाळी येईल. पाओचूलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने दोन वेळा दारात येऊन बघितलं. आयिंग आली नाही. महिन्याभरात त्या लायबरोबर विमानात बसली.

पहिल्या वर्षात परदेशी तिकिटांची तीन पत्रं आली. तिन्ही पाओचूने माझ्यासमोर न उघडता फाडली. मी म्हटलं, "अगं, पत्ता तरी लिहून ठेव."

"कशाला?"

चौथं आलं नाही. तीन वर्षांनी आई गेली. प्रेत घरात होतं, अगरबत्त्या जळत होत्या, आणि पाओचू पांढऱ्या सुती कपड्यात माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "आच्याओ, तुला पत्ता आठवतो का गं? त्या पाकिटांवर होता तो?"

मी काय सांगणार? परक्या लिपीतली अक्षरं, मला ओळखतासुद्धा यायची नाहीत. लायचे काकाही तोवर दुकान विकून दुसऱ्या शहरात गेले होते. "नाही," म्हटलं. ती मान हलवून परत गेली. त्या वेळी मला तिची इतकी दया आली आणि तितकाच राग. मीच ती चिठोऱ्यांची टोपली उचलून का ठेवली नाही, हेही वाटलं.

मग बरीच वर्षं गेली. त्याच कादंबरीवर पुन्हा एक मालिका आली, रंगीत, नटव्या कपड्यांची. त्यात त्यांनी शुआंग आणि लू दोघींचं एकाच पुरुषाशी लग्न लावून दिलं! पाओचूच्या अंगाचा नुसता तिळपापड. चाळीस दिवस तिने कॅलेंडरची चाळीस पानं लावली. शेवटच्या दिवशी माझ्या खुर्चीतली टॉवेल कारखानदाराची बायको म्हणाली, "अगं पाओचू, मग पुस्तकात शेवट काय आहे, ते तरी सांग."

"शेवट सांगायचा नसतो. वाच आणि बघ."

"मग दे की बारावा."

"बारावा भाग बाहेर गेलाय."

कोणीही मागितला तरी हेच उत्तर. मला कधी शंका आली नाही. चांगलं पुस्तक आहे, फिरत असेल, असं वाटायचं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोकांच्या हातात फोन आले आणि पुस्तकाची दुकानं बसली. दुसऱ्यांनी रद्दीत घातली सगळी पुस्तकं, ट्रक भरभरून. पाओचूने नाही घातली. रुळांवर सरकणाऱ्या त्या उंच कपाटांच्या मध्ये ती एकटी बसायची. कॅलेंडरचं पान मात्र रोज लावायची. ते वाचणारी उरले मी एकटीच. रविवारी माझा मुलगा मला तायचुंग शहरात त्याच्या घरी घेऊन जायचा. सोमवारी मी शटर वर केलं की पाओचू आत येऊन जी बोलत सुटायची, त्यावरून कळायचं की आदल्या अख्ख्या दिवसात तिच्या तोंडातून एक शब्द बाहेर पडलेला नाही. मी मुद्दाम वाद उकरून काढायची.

मग एक दिवस दुपारी ती मुलगी आली. य्वेन नाव, तोकडे केस, खांद्याला मोठी पिशवी. टीव्हीच्या कंपनीतली.

"आजी, 'करड्या बगळ्यांचा घाट' तुम्हाला तोंडपाठ आहे म्हणे?"

"आजी कोणाला म्हणतेस?"

"चुकलं, मावशी." पोरगी हुशार होती. "आम्ही त्याची नवीन मालिका करतोय. आधीच्या दोन्हींसारखी नाही, पुस्तकाबरहुकूम. पण बारावा भाग कुठे मिळतच नाही. लेखक वारले, छापणारे बंद पडले, त्यांच्या मुलांकडे प्रत नाही. देशभर विचारून झालं. कोणीतरी तुमच्या दारावरच्या कागदांचे फोटो टाकलेत इंटरनेटवर. म्हणून आले. तुमच्याकडे आहे का बारावा?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता पाओचूची कॉलर ताठ होणार. आयुष्यभर ती ज्यांच्याशी भांडली, ते टीव्हीवाले तिच्या दारात आले होते, 'पुस्तकात काय आहे' विचारायला! पण तिचा चेहरा उतरला.

"बाहेर गेलाय," ती म्हणाली.

"मग शेवट सांगाल? तुम्ही वाचलाय ना?"

पाओचू खोडरबर बोटांत फिरवायला लागली. मग म्हणाली, "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी य्वेन आली तेव्हा मी काम सोडून जाऊन बसले. इतकी वर्षं मलाही तो शेवट कुठे माहीत होता?

पाओचूने सांगितलं, सावकाश, वाचून दाखवल्यासारखं. "दहा वर्षं होतात. शुआंगचे केस पांढरे झालेत. एक दिवस पहाटे धुकं असतं. पलीकडच्या काठावरून कोणीतरी नावेला हाक मारतं. ती नाव घेऊन जाते. लू असते. दोघी बोलत नाहीत. नदीच्या मध्यावर आल्यावर लू म्हणते, भूक लागलीय. शुआंग म्हणते, भात आहे, मुळ्याचं लोणचं आहे. संपलं."

"लढाई नाही?" य्वेनने विचारलं.

"नाही."

"ग्रंथ चोरून का गेली, ते शुआंग विचारत नाही?"

"नाही विचारत. काय करायचंय विचारून?"

य्वेनने नाक पुसलं आणि भराभर लिहून घेतलं. मग ती म्हणाली, "पान कितवं, मावशी?"

पाओचू थांबली. "शेवटचं," म्हणाली.

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाळीस वर्षं ही बाई मला झोपेतून उठवून पान नंबर सांगत आलीय!

य्वेनने मानधनाचं विचारलं. पाओचू म्हणाली, "ते नको. शेवटच्या दिवशी नावं येतात ना, त्यात माझ्या दुकानाचं नाव टाक. खाली पूर्ण पत्ता. आणि वाचता येईल इतका वेळ ठेव."

"जाहिरात होय?" य्वेन हसली.

"हो. जाहिरात."

ती गेल्यावर मी पाओचूचा हात धरला. "खरं बोल. तू वाचलेला नाहीस बारावा."

"नाही."

"मग आहे कुठे तो?"

"आयिंगकडे. त्या दिवशी शिवायला घेतला होता तिने. हातातच होता, तो घेऊन गेली."

"आणि तू दुसरी प्रत मागवली नाहीस? तेव्हा मिळत होती की!"

"मागवली असती तर तिचा हिशेब संपला असता, बये. जोवर बारावा बाहेर आहे, तोवर तो घेऊन गेलेलं माणूस परत यायचं आहे." ती रडत नव्हती, रागातच बोलत होती, आणि राग स्वतःवर होता हे मला कळत होतं. "माझ्याकडे तिचा पत्ता नाही. पण अख्ख्या जगात तो भाग तिच्या एकटीकडे आहे. टीव्हीवर हा शेवट दिसला की तिला एकटीला कळेल, ताई खोटं बोलतेय. पुस्तकात तसं नाही. तिला राहवणार नाही. ती कळवेल."

"आणि शेवट तूच रचलास?"

"मी कुठे? तिचाच आहे. पैज नाही का लागली होती?"

मालिका सुरू झाली. पाओचू रोज माझ्याकडे येऊन बघायची. सगळं पुस्तकाबरहुकूम. गुरूसुद्धा पायऱ्यांवरून घसरला. आता त्यांच्याकडे त्याच्या युक्त्या आहेत. शेवटच्या भागात धुकं आलं, नाव आली, आणि लू करणारी ती नटी म्हणाली, 'भूक लागलीय.' मी ढसाढसा रडले. पाओचू पुढे सरकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. 'जोड बहिणी पुस्तकालय, हुवेई', रस्ता, घर नंबर, सगळं आलं. य्वेनने शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी दारावर कॅलेंडरचं पान नव्हतं. पहिल्यांदाच.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी 'आम्ही' म्हणते, पण बसायची ती. दाराबाहेर स्टूल टाकून. हिरव्या मोटरसायकलवरचा पोस्टमन दिसला की उठून उभी राहायची आणि तो पुढे गेला की बसायची. वसंत गेला, उन्हाळा गेला. कधी नव्हे ते मला देवळात घेऊन जाऊन तिने कौल लावला आणि काय आला ते मला सांगितलं नाही. पोस्टमन बिचारा तिच्यासमोरून जाताना मान खाली घालायला लागला. एकदा मी म्हटलं, "अगं, नसेल बघितली तिने." पाओचू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुन्हा गाळप सुरू झालं तेव्हा पार्सल आलं. परदेशी तिकिटं. पाओचूने या वेळी आधी पत्ता कापून घेतला, घडी करून खिशात ठेवला, आणि मग पार्सल उघडलं. आत बारावा भाग. पुठ्ठा नव्हता लावलेला, दोराही नाही. आणि एक पत्र, लहान मुलाने लिहावं तसल्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत. तिने ते माझ्या हातात दिलं, मीच वाचलं.

'मावशी, मी लुसिया. आयिंगची मुलगी. आई सहा वर्षांपूर्वी वारली. हे पुस्तक तिच्या उशाशी असायचं. परत करायचंय, असं ती दर वर्षी म्हणायची, पण ताईने येऊ नको सांगितलंय, असंही म्हणायची. मला पुस्तकातली अवघड अक्षरं वाचता येत नाहीत. पण आईने मला लहानपणी सगळी गोष्ट तोंडी सांगितली आहे. शेवटी लू परत येते. मालिकेत शेवट अगदी पुस्तकातल्यासारखाच दाखवला, आई सांगायची तसाच. खाली तुमचा पत्ता आला आणि मी ओरडलेच.'

पाओचूने पत्र माझ्या हातातून घेतलं, पुस्तक घेतलं आणि आत गेली. शटर अर्धं खाली ओढलं. भिंतीतून मला काहीही ऐकू आलं नाही. मी पूर्ण दिवस कुणाच्या डोक्याला काय केलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि खुर्चीत बसली. "डोकं धू."

मी फेस चढवायला लागले. आरशात बघत ती म्हणाली, "आच्याओ, टीव्हीवरचं बरं होतं."

माझे हात थांबले. "काय म्हणालीस?"

"पुस्तकापेक्षा टीव्हीवरचं बरं होतं."

"डोळ्यात फेस गेला का?"

"नाही गं. रडतेय." मग तिने सांगितलं. बारावा भाग त्या लेखकाने लिहिलेलाच नव्हता. थकला असेल, आजारी असेल. छापणाऱ्यांनी दुसऱ्याच कुणाकडून उरकून घेतला होता, नाव याचंच टाकून. त्या काळी करायचे तसं. त्या दुसऱ्याने मागचे भाग धड वाचलेही नसावेत. "शंभरावर पानं आहेत," पाओचू म्हणाली. "लढाया आहेत, खजिना आहे, शुआंगचं लग्नसुद्धा आहे. लू नाही. परत येत नाही, मरत नाही, कोणी तिची आठवणसुद्धा काढत नाही. विसरला तो तिला. नुसता विसरला."

"आणि आयिंगने पोरीला सांगितलं, परत येते म्हणून."

"हो," पाओचू म्हणाली. मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. फेस सगळा माझ्या अंगाला लागला. मला त्या मेल्या लेखकाचा, पाओचूचा, आयिंगचा, सगळ्यांचाच राग आला होता.

जाताना तिने पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं. "वाच," म्हणाली. मी आयुष्यात अख्खं वाचलेलं हे एकच पुस्तक. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचत आठ दिवस लागले. खरंच टाकाऊ आहे, दोन्ही आधीच्या मालिका याहून बऱ्या.

शेवटच्या पानावर, मजकूर संपतो त्याखालच्या कोऱ्या जागेत आयिंगचं अक्षर आहे. पेन्सिलीचं, अगदी पुसट झालेलं. 'ताई, लूचं काय झालं ते यात लिहिलंच नाही.'

पाओचूने ते खोडलेलं नाही. त्याच्याखाली पेन्सिलीनेच, ताज्या अक्षरांत लिहिलंय, 'परत आली. भात खाल्ला. आता झोपलीय, उठवू नका.'

मी पुस्तक मिटलं. भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"झालं का गं वाचून?" तिने तिकडूनच विचारलं.

"झालं," मी म्हटलं.